वजन कुठल्या पायावर?

बॉलरूमच्या, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्य नाचांच्या क्लासात पहिल्या तासाला मॅडमनी संगीत लावलंच नाही. आम्ही आठ जोडपी, म्हणजे सोळा माणसं, जरा बरे कपडे करून हॉलमध्ये उभी, आणि त्या म्हणाल्या, "समोरच्या भिंतीपर्यंत चालत जा." गेलो. "आता उलटे चालत या, मागे न बघता." आलो, एकमेकांवर आपटत. मग त्यांनी विचारलं, "चालताना तुमचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेमकं कधी जातं?" सगळे गप्प. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. इतकी वर्षं चालूनही उत्तर माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न जरा पोरकट वाटला. नाच शिकायला आलोय, चालायला नाही, असं बायकोच्या कानाशी पुटपुटलो. तिने वळूनही बघितलं नाही. या क्लाससाठी ती सहा वर्षं माझ्या मागे लागली होती. पहिल्याच दिवशी माझी कुरकुर ऐकायची तिची तयारी नव्हती.

त्याला आता दोन वर्षं होतील. मधल्या काळात सात-आठ नाच पायांखालून गेले. काही जमले, काहींनी मला बाहेरचा रस्ता दाखवला. कोणी विचारतं, "आम्हालाही शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" तेव्हा मला ती भिंतच आठवते, कारण पुढे प्रत्येक नाचात जिथे जिथे अडलो, तिथे खणत गेल्यावर खाली तोच प्रश्न सापडला.

बॉलरूम म्हणजे एक नाच, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती दहा नाचांची दोन बिऱ्हाडं आहेत. एकात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप राहतात. यांना स्टँडर्ड म्हणतात. दुसऱ्यात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह, हे लॅटिन. स्टँडर्डमध्ये जोडी एकमेकांना धरून असते आणि सबंध हॉलला फेऱ्या घालते. लॅटिनमध्ये हात सुटतात, अंतर पडतं, पुन्हा मिटतं, आणि बरेचसे नाच जागच्या जागी चालतात. ही झाली इंग्लंडमध्ये नियमांत बसवलेली, जगभर पसरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत. अमेरिकेत वाटणी वेगळी आहे: स्मूथ आणि रिदम. स्मूथमध्ये क्विकस्टेप नाही आणि जोडीला मधूनच हात सोडायची मुभा आहे. रिदममध्ये बोलेरो, मॅम्बो आणि ईस्ट कोस्ट स्विंग येतात.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. घरी व्हिडिओ बघून मी रुंबा घोटायचो आणि क्लासात तो साफ चुकीचा ठरायचा. शेवटी कळलं की व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचा आणि क्लास आंतरराष्ट्रीय. नाव एकच, मोजणी वेगळी, पाऊल टाकायची मात्राही वेगळी. त्यामुळे नाव घालायला जाल तेव्हा पहिली चौकशी हीच करा, आणि घरचा व्हिडिओही त्याच घराण्याचा शोधा.

आमची सुरुवात वॉल्ट्झपासून झाली. तीन मात्रांचा, संथ. डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा त्याला जुळवायचा. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवायचा. जमिनीवर एक चौकोन तयार होतो. कागदावर इतकं सोपं की मी घरी खडूने फरशीवर पावलं काढून ठेवली. तिसऱ्या मात्रेपर्यंत सगळं सुरळीत. चौथं पाऊल आलं की गाडी अडायची. उजवा पाय मागे न्यायचा असायचा, पण तो उचलतच नसे, म्हणून घाईने डावाच मागे जायचा आणि बायकोचा पाय माझ्या गुडघ्यावर येऊन आदळायचा.

तीन तास असेच गेल्यावर मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "डावा पाय जुळवलात. आता उजवा उचलून दाखवा." उचलला तर तोल गेला. "का गेला? कारण तुम्ही डावा पाय नुसता शेजारी आणून ठेवला. त्याच्यावर उभे राहिलातच नाही." म्हणजे तिसऱ्या मात्रेला पाय आला, मी आलो नाही. सगळं शरीर अजून उजव्या पायावर, आणि आता तोच पाय उचलायचा.

त्या रात्री मी खडूच्या पावलांकडे बराच वेळ बघत बसलो. १९२०च्या दशकात अमेरिकेत आर्थर मरे यांनी पावलांचे ठसे छापून पोस्टाने नाच शिकवण्याचा धंदा सुरू केला होता आणि तो जोरात चालला, असं मी वाचलं होतं. खडूची कल्पना तिथूनच उचललेली. पण ठशात पाय कुठे ठेवायचा एवढंच दिसतं. त्या पायावर माणूस उभा आहे की नुसता बूट ठेवलाय, हे कागदाला सांगता येत नाही. फरशी पुसून टाकली. बायकोला आनंद झाला, वेगळ्या कारणाने.

चौकोन जमल्यावर वर-खाली होणं आलं. वॉल्ट्झ बघताना जोडी लाटेवर असल्यासारखी वाटते ना, तेच. मी पहिल्या मात्रेलाच टाचा उचलून उंच व्हायचो, कारण पहिली मात्रा जोरकस असते आणि जोर म्हणजे वर, असा माझा हिशोब. तो उलटा निघाला. पुढे जाताना पहिलं पाऊल टाचेवर पडतं, गुडघा मऊ असतो. उंची पहिल्या मात्रेच्या शेवटी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेत चवड्यांवर वाढत जाते आणि तिसरीच्या अखेरीला माणूस अलगद खाली उतरतो. हे उतरणंच जास्त कठीण. चढायला हौस पुरते, उतरायला पोटऱ्या लागतात. पहिले काही आठवडे जिना उतरताना मी कठडा धरायचो.

स्पर्धेत वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० आवर्तनांचा असतो, म्हणजे ८४ ते ९० मात्रा. ऐकताना फार संथ वाटतं, आणि नवख्याला हा संथपणाच मारतो. जलद नाचात चूक वाहून जाते. इथे प्रत्येक मात्रेत इतकी जागा असते की तुम्ही तोल सावरताय हे शेवटच्या खुर्चीवरून दिसतं. त्यामुळे "वॉल्ट्झ सगळ्यांत सोपा" हे जे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. सुरुवात सगळ्यांत सोपी, एवढंच.

एक गंमत जाता जाता. आज वॉल्ट्झ म्हणजे सभ्यपणाचा अर्क, पण १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारी मेजवानीत तो नाचला गेला तेव्हा लंडनच्या 'द टाइम्स'ने त्याला असभ्य परदेशी नाच ठरवून आईबापांना सावध केलं होतं. स्त्री-पुरुषांनी इतकं जवळ येऊन, एकमेकांना धरून गोल गोल फिरायचं म्हणजे काय! आमच्या क्लासात हे कळल्यावर एक काका म्हणाले, "इथे तर पाय सांभाळता सांभाळता समोर कोण आहे तेही दिसत नाही."

आता धरण्याबद्दल. याला 'फ्रेम' म्हणतात, आणि माझं सगळ्यांत मोठं अज्ञान इथे होतं. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्यावर. तिचा डावा हात त्याच्या दंडावर. दुसरे दोन हात बाजूला एकमेकांत. कोपरं खाली पडू द्यायची नाहीत. मला वाटलं, हे स्टिअरिंग आहे. उजवीकडे वळायचं तर हाताने उजवीकडे दाबा, मागे न्यायचं तर ढकला. बायको दर तासाला एकच वाक्य म्हणायची, "अरे, तू ढकलतोस." आणि मी म्हणायचो, "मग तुला कळणार कसं?"

मॅडमनी यावर वाद न घालता भूमिका बदलायला लावल्या. अर्धा तास पुरुषांनी मागून जायचं, बायकांनी न्यायचं. शिवाय जोडीदारही बदलायचे. (हे बहुतेक क्लासांत होतं. एकट्याने येणाऱ्यांची सोय होते, आणि नवरा-बायकोची भांडणं दर पाच मिनिटांनी आपोआप मिटतात.) मी ज्या बाईंच्या वाट्याला आलो त्या वयाने मोठ्या, अंगाने किरकोळ आणि बऱ्याच वर्षांच्या सरावाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. पहिली दोन मिनिटं मी पुढचं पाऊल ओळखायचा प्रयत्न करत होतो आणि दर वेळी चुकत होतो. "अंदाज बांधू नका," त्या म्हणाल्या, "थांबा." थांबलो. मग जे जाणवलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो: त्यांचे हात हललेच नाहीत. पाय हलायच्या आधी त्यांचं अंग, छातीचा मधला भाग, किंचित पुढे आला. माझ्या पाठीवरच्या हातातून ते माझ्यापर्यंत पोचलं आणि माझा पाय आपोआप मागे गेला, कारण जाण्यावाचून दुसरं काही उरलंच नव्हतं. त्या फक्त आपलं वजन हलवत होत्या. हात हे नुसते निरोप नेणारे.

डोळे उघडले तेव्हा बायको समोरून बघत होती, एका उंच तरुणाला चौकोनात फिरवत. तिला म्हटलं, "समजलं." ती म्हणाली, "बघू." पुढच्या आठवड्यात तिचं वाक्य बदललं: "अरे, आता तू काहीच सांगत नाहीस." ढकलणं सोडायच्या नादात मी अंगच ढिलं सोडलं होतं. ओल्या टॉवेलसारखी फ्रेम. मधला बिंदू सापडायला आणखी दोन महिने लागले आणि तो आजही रोज थोडा सरकतो.

टँगोला आम्ही चौथ्या महिन्यात हात घातला. वॉल्ट्झमध्ये कष्टाने शिकलेलं सगळं इथे विसरायचं असतं. वर-खाली होणं नाही. गुडघे सबंध वेळ किंचित वाकलेले. धरणं अधिक आवळलेलं, पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर आणखी आत जातो आणि तिचा डावा त्याच्या दंडाच्या मागच्या बाजूला. चाल सरळ नसून हलकेच डावीकडे वळणारी. आणि वजन! वॉल्ट्झमध्ये ते पायावरून पायावर वाहत जातं. टँगोमध्ये ते शेवटपर्यंत रोखून धरायचं आणि एकदम टाकायचं. मांजर उडी मारायच्या आधी थबकतं तसं. मला हा नाच लगेच आवडला, कदाचित स्वभावाला जुळणारा म्हणून. बायकोचं म्हणणं, तुला फक्त मान झटकायला आवडते.

इथे एक घोटाळा नव्या माणसाचा हमखास होतो. टँगो जन्मला दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओच्या वस्त्यांत, आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण तो अर्जेंटाइन टँगो. तिथून युरोपात गेलेल्या, इंग्लंडमध्ये घासूनपुसून कवायती केलेल्या टँगोचं रूप पार वेगळं आहे: मानेचे झटके, ताठ फ्रेम, हॉलभर कूच. दोन्हींचे क्लास वेगळे, जाणकार वेगळे, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांबद्दल फार चांगलं बोलत नाहीत. तुम्ही अर्जेंटाइन टँगो बघून भारावला असाल तर बॉलरूमच्या क्लासात तो मिळणार नाही.

मग रुंबा. हा माझ्या मते सगळ्यांत खोल नाच, आणि ज्यात मी सगळ्यांत जास्त हसं करून घेतलं.

कानाला सम ऐकायची सवय असलेल्या माणसाला रुंबा छळतो. चार मात्रांचं आवर्तन. पहिल्या मात्रेवर ठेका पडतो, सगळं अंग म्हणतं, टाक पाऊल. आणि आंतरराष्ट्रीय रुंबात त्याच मात्रेवर पाऊल टाकायचं नसतं. पावलं पडतात दोन, तीन आणि चार या मात्रांवर. चौथीवर टाकलेलं पाऊल पुढच्या एकवर रेंगाळतं. म्हणजे समेवर पाय स्थिर. पण अंग स्थिर नाही. वजन नितंबापर्यंत मुरत जातं, कंबर त्या बाजूला बसते, आणि दुसऱ्या मात्रेला पुढचा पाय निघतो. मी सहा आठवडे "दोन-तीन-चार-एक" असं घोकत होतो. घरातली भांडी घासताना, गाडीच्या सिग्नलला, दात घासताना. एकदा फोनवर कोणाला तरी नंबर सांगताना मोजणीच सुरू झाली.

आणि कंबर. पहिल्या दिवशी मी ती मुद्दाम हलवली, दोन्हीकडे, घड्याळाच्या लंबकासारखी. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसता मोठा आरसा दाखवला. आरशात एक मध्यमवयीन गृहस्थ गर्दीत वाट काढत असल्यासारखे दिसत होते. कंबर हलवायचीच नसते, हे गुपित. पाय पुढे जातो, त्याचा गुडघा सरळ होतो, त्याच्यावर पूर्ण वजन येतं, दुसरा गुडघा सैल पडतो. एवढं नीट झालं की कंबर जाते तिकडे आपोआप जाते. वजन अर्धवट ठेवलं तर कितीही हलवा, ते वरून चिकटवलेलं दिसतं. घरी भिंतीला हात टेकून मी हे रोज दहा मिनिटं केलं. नाच नाही, फक्त उभं राहणं: या पायावर, मग त्या पायावर.

दुसऱ्या मात्रेवर निघायचं की पहिल्या, हा वाद माझ्याआधी बऱ्याच मोठ्या माणसांनी घातलाय, हे कळलं तेव्हा जरा दिलासा मिळाला. इंग्लंडमध्ये पहिल्या मात्रेवर निघणारा चौकोनी रुंबा रुळला होता. लंडनमध्ये शिकवणारे मस्यू पिएर १९४७ मध्ये क्युबाला गेले, तिथले लोक प्रत्यक्षात कसे नाचतात ते बघून आले आणि दोनवर निघणारी क्युबन पद्धत शिकवू लागले. नाचाच्या शिक्षकांत यावरून कित्येक वर्षं जुंपली होती. शेवटी क्युबन पद्धत जिंकली, माझ्या दुर्दैवाने.

रुंबा पायांत मुरला की चा-चा-चा जवळजवळ फुकट मिळतो. मोजणी तीच, फक्त चौथ्या मात्रेत एक जादा पाऊल घुसवायचं आणि एकवर रेंगाळण्याऐवजी तिथेही पाऊल टाकायचं: दोन, तीन, चार-आणि-एक. क्युबातले व्हायोलिनवादक एन्रिके होरीन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे संगीत घडवलं, आणि नाचणाऱ्यांचे पाय जमिनीला घासताना येणारा आवाज त्याचं नाव झाला. अडचण एकच: त्या तीन छोट्या पावलांत वजन खरंच तीनदा बदलावं लागतं. मी दोनदा बदलून तिसऱ्यांदा बदलल्याचा आव आणायचो, आणि पुढच्या दोनला पुन्हा तोच चुकीचा पाय रिकामा. पार्टीत नाचण्यापुरता एकच लॅटिन नाच शिकायचा असेल तर माझं मत चा-चा-चाला. कुठल्याही जरा ठसकेबाज गाण्यावर बसतो.

जाइव्हबद्दल थोडक्यात: दम लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर इंग्लंडात पोचलेला हा स्विंगचा वंशज स्पर्धेत मिनिटाला ४२ ते ४४ आवर्तनांनी, म्हणजे १६८ ते १७६ मात्रांनी जातो. आम्ही त्याच्या बऱ्याच संथ रूपावर समाधान मानलं. दोन गाण्यांनंतर मी पाणी प्यायला जातो आणि बायको दुसऱ्या कोणाबरोबर नाचते.

सांबा मला आला नाही. प्रामाणिकपणे सांगतो, यावर चार महिने घालवले. ब्राझीलचा हा नाच जागेवर न राहता हॉलभर फिरतो, आणि त्यात गुडघ्या-घोट्यांतून एक उसळी सतत चालू ठेवायची असते. 'एक-अ-दोन' या मोजणीतल्या त्या 'अ'ला मात्रेचा पाव हिस्सा मिळतो. त्या पाव हिश्शात वजन दुसऱ्या पायावर जाऊन परत यायला हवं. माझं निघायचं, परत यायचं नाही. बायकोला पहिल्या आठवड्यात जमला. याबद्दल घरात फारसं बोलत नाही.

पासो दोब्ले आम्ही एकदाच केला, हौस म्हणून. स्पेनच्या बैलझुंजीत वाजणारं कूचगीत, पुरुष मातादोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, स्त्री बहुतेक वेळा त्याच्या हातातलं वस्त्र. नाच म्हणून त्याची घडण फ्रान्समध्ये झाली, त्यामुळे पावलांची नावं फ्रेंच. छाती काढून पाय आपटत चालण्यात मजा आली खरी, पण पार्टीत तो वाजत नाही, तेव्हा नवख्याने त्यावर वेळ घालवू नये असं मला वाटतं.

बुटांचं राहिलंच. पहिले दोन महिने मी रबरी तळव्याच्या बुटांत नाचलो. रबर जमिनीला धरून ठेवतं. अंग वळतं, पाय वळत नाही, आणि मधला हिशोब गुडघा चुकता करतो. उजवा गुडघा सुजला तेव्हा कोणीतरी सांगितलं. नाचाच्या बुटांना खाली स्वेडचं, म्हणजे मखमली पाठीचं मऊ कातडं असतं. ते हवं तेवढंच घसरतं. ते बाहेर रस्त्यावर घालायचे नाहीत आणि तळवा गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने खरवडून पुन्हा खरखरीत करायचा. पहिल्या दिवशीच खर्च करा असं म्हणणार नाही, पण निदान कातडी तळव्याचे साधे बूट तरी घाला.

सातव्या महिन्यात पहिल्यांदा नाचाच्या संध्याकाळी गेलो. क्लासात आठ जोडपी, सगळी आपापल्या कोपऱ्यात. इथे चाळीस, आणि सगळी हलणारी. फिरणाऱ्या नाचांत सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, हा नियम मला पाठ होता. कडेने जाणारे वेगवान, जागीच नाचणाऱ्यांनी मध्यभागी राहायचं, हेही. पण वॉल्ट्झमध्ये एका कोपऱ्यात माझा वळणाचा कोन चुकला, उलटी दिशा पकडली आणि एका दणकट जोडप्याला समोरासमोर धडकलो. त्या गृहस्थांनी "सॉरी" म्हटलं, चूक माझी असून. मग ते हसून म्हणाले, "पहिली वेळ?" नंतर बघितलं, ते गर्दीत शिरताना आधी थबकायचे, वजन एका पायावर पूर्ण तोलून उभे राहायचे आणि जागा दिसली की निघायचे. मला थांबताच येत नव्हतं. वजन सतत दोन पायांच्या मधे लोंबकळत असेल तर माणूस थांबू शकत नाही, फक्त पडायचा राहतो.

त्याच संध्याकाळी व्हिएनीज वॉल्ट्झ वाजला. मिनिटाला १८० मात्रांपर्यंत, जवळजवळ नुसतं गिरकीवर गिरकी. आम्ही अर्धी फेरी मारली आणि खुर्ची शोधली. छत आणखी एक फेरी मारून थांबलं.

हल्ली आमचं फॉक्सट्रॉटशी चाललंय. हॅरी फॉक्स नावाच्या रंगमंचावरच्या कलाकाराच्या नावाशी जोडलेला, १९१४च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये पुढे आलेला नाच. त्यातूनच पुढे जलद शाखा फुटून क्विकस्टेप झाला. त्याच्या वाटेला आम्ही अजून गेलेलो नाही. क्लासात फॉक्सट्रॉट उशिरा शिकवतात आणि ते योग्यच आहे. बघायला हा नुसतं चालणं वाटतो: एक लांब पाऊल दोन मात्रांचं, दोन छोटी एकेका मात्रेची. पण वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या मात्रेला पाय जुळतात, तिथे क्षणभर दम खाता येतो. फॉक्सट्रॉटमध्ये पाय बहुतेक जुळतच नाहीत, एकमेकांशेजारून निघून जातात. विसावा नाही. वजन कुठल्याच पायावर घर करून राहत नाही, सतत प्रवासात. पहिल्या तासाला भिंतीपर्यंत चालायला लावलं होतं ते याची तयारी होती, हे मला दीड वर्षाने कळलं.

त्यात एक उजवं वळण आहे. पुरुष बाहेरून वळसा घालतो आणि स्त्री त्याच वेळी मागे टाकलेल्या डाव्या पायाच्या टाचेवर वळते, दुसरा पाय हळूच जुळवत, आणि वळण संपता संपता वजन त्या जुळलेल्या पायावर घेते. हे टाचेवरचं वळण बायको चार महिने घोटत होती. माझा वळसा जरा लांब पडला की ती टाचेवरून ओढली जायची. जरा आखूड पडला की आम्ही एकमेकांच्या गुडघ्यात. दोष कोणाचा यावर चर्चा व्हायची, ती गाडीत बसल्यावरही चालायची.

गेल्या महिन्यात, सरावाच्या हॉलमध्ये, गाण्याच्या मध्यावर, ते झालं. मी वळसा घेतला, माझ्या उजव्या हाताखाली तिची पाठ हलली नाही, ओढ लागली नाही. ती टाचेवर दारासारखी फिरली आणि डावा पाय पुढे टाकून निघालीसुद्धा. मी इतका चकित झालो की आपण कुठल्या पायावर आहोत हेच विसरलो आणि हॉलच्या मधोमध उभा राहिलो. मागून येणारं जोडपं येऊन थडकलं.

"आता काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. तू जमवलंस."

"हो, मग तू का थांबलास?"